एम ५७ इतका बारीक आणि धुरकट का येतो? गच्चीवरून प्लॅनेटरी नेब्युला टिपताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर लगेच कळेल. पुण्याच्या उपनगरातली गच्ची, ६ इंची न्यूटोनियन दुर्बीण (१५० मिमीचा आरसा, ७५० मिमी फोकल लेंग्थ), एका अक्षाला मोटर लावलेला ईक्यू-५ माउंट (दुर्बीण धरून ताऱ्यांमागे फिरवणारा आधार) आणि कॅनन १५००डी कॅमेरा. स्वरमंडळातला एम ५७, म्हणजे रिंग नेब्युला (मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेलं वायूचं कवच, यालाच प्लॅनेटरी नेब्युला म्हणतात), तुम्ही ३० सेकंदांच्या एक्स्पोजरने टिपलात, ४० फ्रेम्स स्टॅक केल्यात, म्हणजे एकावर एक रचून त्यांचा एक फोटो केलात. हाती आला तो फ्रेमच्या मधोमध एक करडा, धुरकट ठिपका, ज्यातलं भोक जेमतेम कळतं. आता तुम्ही विचारताय की २एक्स बार्लो (फोकल लेंग्थ दुप्पट करणारं भिंग) घेऊ, की सरळ ८ इंची दुर्बीणच घेऊ?

माझं उत्तर: आत्ता दोन्ही घेऊ नका. तुमच्या दुर्बिणीतून कडी रेखीव येऊ शकते, मधल्या पोकळीतला निळसर-हिरवा रंग आणि कडेची लाली दिसू शकते. नशिबाने हवा स्थिर मिळाली तर मधला ताराही येतो. तुमच्या फोटोत नेब्युला लहान आला हे खरं, पण तो लहानच येणार होता. बिघडलाय तो रेखीवपणा, आणि तो बार्लोने परत येत नाही.

थोडं गणित करू, कारण ते एकदा कळलं की पुढची खरेदी तुमची तुम्हालाच ठरवता येईल. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाचा किती भाग टिपतो, हे काढायला पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या आकाराला २०६ ने गुणायचं आणि मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थने भागायचं. १५००डीचा पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा. २०६ गुणिले ३.७ भागिले ७५०, म्हणजे जवळजवळ १ विकला (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश). एम ५७ ची लांबी साधारण ८६ विकला, रुंदी ६३. म्हणजे ६००० पिक्सेल रुंदीच्या तुमच्या फ्रेममध्ये ही कडी ८५ पिक्सेलची, रुंदीच्या सत्तराव्या भागाएवढी. तुम्ही अख्खी फ्रेम मोबाइलवर पाहिलीत तर ठिपकाच दिसणार. मधला हजार-बाराशे पिक्सेलचा तुकडा कापून घ्या आणि तोच फोटो समजा. इंटरनेटवर एम ५७ चे जे सुंदर फोटो दिसतात, त्यातले बहुतेक असे कापलेलेच असतात.

आता बार्लो लावली तर एका पिक्सेलवर अर्धी विकला येईल आणि कडी १७० पिक्सेलची होईल. पण गच्चीवरून दिसणारी हवा बहुतेक रात्री तारा ३ विकला पसरवते, चांगल्या रात्री २. म्हणजे आत्ता तुमचा तारा ३ पिक्सेलचा, बार्लोनंतर तोच ६ पिक्सेलचा. तपशील तेवढाच राहिला आणि प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला येणारा प्रकाश चौथाई झाला. कणिक तेवढीच ठेवून पोळी मोठी लाटली तर ती पातळच होणार. एफ/५ ची दुर्बीण (फोकल लेंग्थ आरशाच्या व्यासाच्या पाचपट) एफ/१० होते, त्याच दर्जासाठी चौपट वेळ लागतो आणि माउंटची प्रत्येक थरथर दुप्पट दिसते. तुमच्या माउंटवर तर नकोच.

आता चांगली बाजू. प्लॅनेटरी नेब्युला शहरातून टिपायला फार सोयीचे असतात, आणि हे नवीन माणसाला सहसा कोणी सांगत नाही. एम ५७ ची एकूण प्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) ८.८ च्या आसपास, पण तो सगळा प्रकाश इवल्याशा जागेत कोंबलेला आहे. हिशेब केला तर दर चौरस विकलेमागे त्याची तेजस्विता सरासरी १८ व्या प्रतीच्या जवळ येते, प्रत्यक्ष कडीची थोडी जास्तच. पुण्याच्या उपनगरातलं आकाशही साधारण त्याच तेजाचं असतं. म्हणजे कडी आकाशाच्या उजेडात बुडत नाही, त्याच्या बरोबरीने उभी राहते. जंबुकातला एम २७, म्हणजे डंबेल नेब्युला, एकूण प्रकाशात एम ५७ पेक्षा उजळ आहे. पण तो ८ कला लांबीत पसरलाय, त्यामुळे दर चौरस विकलेमागे तो दोनेक प्रतींनी मंद पडतो. म्हणून शहरातून सुरुवात करायला एम ५७ हा माझ्या मते सगळ्यात योग्य विषय आहे. तुमची निवड बरोबर होती.

पुढचं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुमच्या प्रश्नातून मला ते कळत नाही. गच्ची कितव्या मजल्यावर, उत्तरेला काय आहे, ध्रुवतारा दिसतो का, आरशांचं कोलिमेशन (ते एकमेकांशी नेमके जुळवणं) शेवटचं कधी केलंत? ठिपका धुरकट होण्याची तीन कारणं मला सर्वात जास्त भेटतात: फोकस, गरम हवा आणि ट्रॅकिंग (माउंटचं ताऱ्यांमागे फिरणं). तिन्ही एकाच वेळी असू शकतात. तुमची एकच कच्ची फ्रेम शंभर टक्के आकारात उघडा. सगळे तारे एकाच दिशेला लांबट असतील तर ट्रॅकिंग. गोल पण गुबगुबीत असतील तर फोकस किंवा हवा. मधल्या भागातसुद्धा ताऱ्यांना एका बाजूला शेपूट असेल तर कोलिमेशन. कडेच्या कोपऱ्यात शेपटी असतील तर त्याकडे दुर्लक्ष करा. तो एफ/५ न्यूटोनियनचा स्वभावच आहे आणि तुम्ही मधलाच तुकडा कापणार आहात, त्यामुळे ही शेपटी काढणाऱ्या भिंगाचा, म्हणजे कोमा करेक्टरचा, खर्चही आत्ता नको.

आधी गच्चीचं बघू. दिवसभर तापलेला आरसीसी स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि दुर्बिणीसमोरची हवा सळसळत राहते. सूर्य मावळल्यावर ट्रायपॉडभोवती बादलीभर पाणी शिंपडा, त्याने फरक पडतो. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा, म्हणजे आरसा हवेच्या तापमानाला येईल. शेजारच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवरून नजर जाणार नाही अशी जागा निवडा. आणि ट्रायपॉड स्लॅबच्या मधोमध मुळीच ठेवू नका. तिथे स्लॅब पावलागणिक हलतो, आणि १ विकला प्रति पिक्सेलला ते हलणं फोटोत उमटतं. खाली कॉलम किंवा बीम कुठे आहे ते बघून त्यावर पाय टेका. एक्स्पोजर चालू असताना गच्चीवर फेऱ्या मारायच्या नाहीत, खाली जाऊन चहा प्या.

आपल्याकडच्या अक्षांशाची एक खास अडचण आहे. पुणे साडेअठरा अंशांवर, त्यामुळे माउंटचा ध्रुवाक्ष जवळजवळ आडवा होतो आणि काही स्थितींत तोल साधणारी वजनं उत्तरेकडच्या ट्रायपॉडच्या पायाला घासतात. मोटर अडली की तारे लांबट येतात आणि माणूस ध्रुव-जुळणीला (हा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे नेमका रोखण्याला) दोष देत बसतो. अंधार पडण्याआधी कॅमेऱ्यासकट सगळा बोजा लावून अक्ष हाताने फिरवून बघा, कुठे काही टेकतंय का. टेकत असेल तर ट्रायपॉड फिरवून वजनं दोन पायांच्या मधून झुलतील असं करा.

ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशच वर असतो. बहुतेक सोसायट्यांत तो टाकीमागे किंवा पुढच्या इमारतीमागे जातो, आणि दिसला तरी धुरकट हवेतून. तो दिसत असेल तर पोलर स्कोप (माउंटच्या ध्रुवाक्षातली छोटी दुर्बीण) आणि मोबाइलवरचं अॅप पुरतं. फक्त लक्षात ठेवा की ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून जवळजवळ ४० कला बाजूला आहे, त्याला बरोबर मध्यात धरायचं नसतं. दिसत नसेल तर ड्रिफ्ट पद्धत (तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष सुधारणं) शिकून घ्या, किंवा गच्चीवर लॅपटॉप नेत असाल तर निना या मोफत प्रोग्रॅममधली तीन-बिंदूंची ध्रुव-जुळणी वापरा. तिला ध्रुवतारा दिसावा लागत नाही. मात्र यात अख्खी संध्याकाळ घालवू नका. जुळणीत १० कलांची चूक राहिली तरी १५ सेकंदांत तारा एक विकलासुद्धा सरकत नाही. छोट्या एक्स्पोजरला तेवढं चालतं.

फोकसवर मात्र हवा तेवढा वेळ घालवा. एम ५७ चं भाग्य असं की अभिजित त्याच्या शेजारीच आहे, शून्य प्रतीचा. दुर्बिणीच्या तोंडावर बाहतिनोव मास्क (फोकस जुळवायची चिरांची जाळी) लावा. आरशाच्या मापाचा नकाशा छापून जाड काळ्या कार्डशीटमधून ब्लेडने कापलेला घरगुती मास्कही उत्तम चालतो. अभिजित मध्यात घ्या, लाइव्ह व्ह्यू चालू करा आणि भिंगाच्या बटणाने १० पटीवर जा. ताऱ्यातून एक फुली आणि तिच्यातून जाणारी तिसरी रेघ दिसेल. फोकसरची गुंडी फिरवली की ती तिसरी रेघ फुलीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकते. ती बरोबर फुलीच्या मधोमध आली की थांबा. हात काढा, पाच सेकंद वाट पाहा, प्रतिमा स्थिर झाल्यावर पुन्हा बघा, कारण हाताच्या दाबानेच ती सरकलेली असते. आता फोकसरचा लॉक स्क्रू आवळा आणि परत बघा. हे आवळणंच बऱ्याच फोकसरमध्ये नळी किंचित खेचतं, तेव्हा सुधारून घ्या. मग लाइव्ह व्ह्यूवर विसंबू नका, मास्कसकट ५ सेकंदांचा एक फोटो काढून तो मोठा करून तपासा. मास्क काढायला विसरू नका. तापमान उतरतं तशी नळी आकसते, तेव्हा तासाभराने अभिजितकडे परत जाऊन हेच पुन्हा करायचं.

अभिजितवर आहात तोवर कोलिमेशनही तपासा. तारा थोडा फोकसबाहेर न्या. कड्या एकात एक, एकाच केंद्राभोवती दिसायला हव्यात. मधली सावली एका बाजूला झुकली असेल तर त्या रात्री आधी आरसे जुळवा. एफ/५ ला यात सवलत नसते.

नेब्युला शोधणं सोपं आहे. स्वरमंडळाच्या समांतरभुज चौकोनाच्या अभिजितपासून दूरच्या बाजूला शेलियाक आणि सुलाफात हे दोन तारे आहेत. त्यांच्या मधल्या रेषेवर, शेलियाकच्या किंचित जवळ, एम ५७ आहे. दोन ताऱ्यांतलं अंतर २ अंशांच्या आसपास आणि तुमची फ्रेम साधारण १.७ बाय १.१ अंश, तेव्हा दोघे एकदम बसणार नाहीत, पण फाइंडर दोघांच्या मध्ये धरलात की नेब्युला फ्रेममध्ये येतोच.

एक्स्पोजरबद्दल. ३० सेकंद तुमच्या माउंटला जड जातायत. ईक्यू-५ मधलं चाक फिरवणाऱ्या मळसूत्री दांड्याचा (वर्मचा) एक फेरा सुमारे दहा मिनिटांत पूर्ण होतो आणि त्या फेऱ्यात तारा विकलांच्या हिशेबाने मागेपुढे होत राहतो. हे हेलकावे दोन्ही बाजूंना २०-२० विकलांचे धरले तर वाईट वेळी ३० सेकंदांत तारा सहाएक विकला सरकतो, म्हणजे कडीच्या मधल्या पोकळीची कड पुसट होते. १५ सेकंदांत तेच सरकणं निम्मं. शिवाय शहराच्या उजेडात एफ/५ ला १०-१५ सेकंदांतच आकाशाची चमक कॅमेऱ्याच्या स्वतःच्या रीड नॉइजच्या (फोटो वाचून घेताना सेन्सर मिसळतो त्या खरखरीच्या) वर जाते. त्यापुढे एकेक फ्रेम लांबवून मिळवण्यासारखं फार काही उरत नाही. उपयोग होतो तो एकूण वेळेचा. आयएसओ ८००, १५ सेकंद, रॉ. हिस्टोग्रामचं (कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखाचं) शिखर डावीकडून पाव अंतरावर आलं की पुरे. ते अर्ध्यापुढे गेलं तर १० सेकंदांवर या.

तुमच्या ४० फ्रेम्सची बेरीज २० मिनिटं झाली. ती किमान दोन तासांवर न्या, म्हणजे १५ सेकंदांच्या ४८० फ्रेम्स. सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर वेळेच्या वर्गमुळाने वाढतं, तेव्हा सहापट वेळेत चित्र जवळजवळ अडीचपट स्वच्छ होतं. वायरचा रिमोट घ्या, कॅमेरा कंटिन्युअस मोडवर ठेवून बटण लॉक करा, तो आपणहून एकामागून एक काढत राहील. दोन बॅटऱ्या आणि ३२ जीबीचं कार्ड जवळ असू द्या. दर दहा-पंधरा मिनिटांनी लॉक सोडून दोन्ही अक्षांवर नेब्युला थोडासा, वीस-तीस पिक्सेल, वेगवेगळ्या दिशांना सरकवा. हे केलं नाही तर स्टॅकमध्ये सेन्सरच्या नॉइजचे तिरके ओघळ उमटतात, आणि ते नंतर कशानेही जात नाहीत.

मग निवड. फ्रेम्स स्टॅक करायच्या सिरिल या प्रोग्रॅममध्ये रजिस्ट्रेशन (फ्रेम्स एकमेकींवर जुळवणं) झाल्यावर प्रत्येक फ्रेममधल्या ताऱ्यांची रुंदी आकड्यात मिळते. त्या आकड्याने क्रम लावा आणि वाईट एक-तृतीयांश फ्रेम्स बिनदिक्कत टाकून द्या. एम ५७ सारख्या बारीक वस्तूला हे टाकून देणं फार मानवतं. तीनशे रेखीव फ्रेम्सचा स्टॅक पाचशे मिश्र फ्रेम्सपेक्षा सरस येतो. डार्क फ्रेम्स (सेन्सरचा स्वतःचा नॉइज वजा करायला) त्याच रात्री, त्याच तापमानाला, झाकण लावून वीस-तीस काढा. फ्लॅट्स (कडेचा अंधार आणि धुळीचे डाग काढायला) नळीच्या तोंडावर पांढरा कपडा ताणून, कॅमेरा न फिरवता.

आता फिल्टर. हे प्रश्नात नव्हतं, पण लवकरच विचाराल. प्लॅनेटरी नेब्युलाचा प्रकाश ताऱ्यासारखा सगळ्या रंगांत पसरलेला नसतो, तो मोजक्या रेषांत असतो. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये कालेय समूहातल्या एनजीसी ६५४३ चा वर्णपट पाहिला तेव्हा हे पहिल्यांदा कळलं. त्यातल्या सर्वात तेजस्वी हिरव्या रेषा कोणत्याच माहीत मूलद्रव्याच्या वाटेनात, म्हणून ‘नेब्युलियम’ असं नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन आहे. ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरच्या याच रेषांना आपण ओ-थ्री म्हणतो. एम ५७ ची आतली निळसर-हिरवी झाक त्यांची, आणि बाहेरची लाली ६५६.३ नॅनोमीटरवरच्या हायड्रोजनची आणि त्याला चिकटून असलेल्या नायट्रोजनची.

तुमच्या कॅमेऱ्यात कंपनीने बसवलेला आतला फिल्टर लाल हायड्रोजन-प्रकाशाचा साधारण पाव भागच आत सोडतो. म्हणून फेरफार न केलेल्या डीएसएलआरवर अनेक लाल तेजोमेघ निराशा करतात. ओ-थ्री मात्र त्यातून नीट जातो. प्लॅनेटरी नेब्युला हा साध्या कॅमेऱ्याला न्याय देणारा विषय आहे तो यामुळे.

फिल्टर घेतलाच तर एच-अल्फा (हायड्रोजनची ती लाल रेषा) आणि ओ-थ्री अशा दोन अरुंद पट्ट्या सोडणारा घ्या. जुन्या लेखांत सुचवलेले रुंद ‘सिटी लाइट’ फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी होते. आता रस्त्यावर पांढरे एलईडी आले आहेत, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत सांडतो आणि त्या फिल्टरचा उपयोग फार कमी झाला आहे. पण अरुंद फिल्टरने आकाश इतकं काळं होतं की १५ सेकंदांच्या फ्रेममध्ये रीड नॉइजच वरचढ ठरतो. मग दोन-तीन मिनिटांची एक्स्पोजर लागतात, त्याला गाइडिंग (दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने तारा बघत माउंट सुधारत राहणं) लागतं, आणि तुमच्या माउंटला दुसऱ्या अक्षाची मोटर लागते. हा सगळा क्रम आहे. मधलीच पायरी विकत घेतली तर ती कपाटात पडून राहते. एम ५७ ला तर फिल्टरशिवायच सुरुवात करा.

प्रोसेसिंगमधल्या एका क्लिकवर मला थोडं थांबायचं आहे, कारण तुमचा ठिपका करडा का आला याचं कारण बहुधा तिथेच आहे. स्टॅक उघडला की पार्श्वभूमी हिरवट दिसते. मग माणूस हिरवा रंग काढायचं बटण दाबतो, व्हिडिओत तसंच शिकवलेलं असतं. आकाशगंगेच्या फोटोला ते चालून जातं. पण ५००.७ नॅनोमीटर बरोबर हिरव्या आणि निळ्याच्या सीमेवर आहे, आणि तुमच्या कॅमेऱ्याचे हिरवे पिक्सेल तो भरभरून टिपतात. ते बटण पूर्ण ताकदीने दाबलंत की नेब्युलाचा स्वतःचाच रंग जातो आणि कडीच्या आत राखाडी धूर उरतो. एकदा दाबण्यापूर्वीची आणि नंतरची प्रत शेजारी ठेवून फक्त कडीच्या आत बघा. त्याऐवजी क्रम असा ठेवा: आधी पार्श्वभूमीचा चढउतार काढा, मग ताऱ्यांवरून फोटोमेट्रिक रंगजुळणी करा. बहुतेक वेळा हिरवटपणा तेवढ्यानेच जातो. मग असिन्ह प्रकारचा स्ट्रेच (मंद भाग उजळवणं) हलक्या हाताने द्या, त्याने उजळ भागातला रंग टिकतो. कडी पांढरी पडू देऊ नका, ती पांढरी पडली की तिच्यातले पोत गेले. शार्पनिंग करताना ताऱ्यांभोवती काळी वर्तुळं दिसू लागली की दोन पावलं मागे या.

मधल्या ताऱ्याची हौस सगळ्यांना असते आणि ती असावीच. ज्या ताऱ्याने हे कवच बाहेर टाकलं त्याचाच तो उरलेला गाभा. तापमान लाखभर केल्विनच्या पुढे, पण आपल्याला दिसतो जेमतेम १५.७ प्रतीचा. हंगेरीत हेरेन्य इथे येनो गोठार्ड यांनी १८८६ मध्ये स्वतःच्या वेधशाळेतल्या साधारण १० इंची परावर्ती दुर्बिणीने तो काचेच्या प्लेटवर टिपला. डोळ्यांना तो फार अवघड जातो, पण त्या काळच्या प्लेट्स निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जास्त संवेदनशील होत्या आणि हा तारा त्याच प्रकाशात उजळ आहे. तुमच्या ६ इंचीला आणि आजच्या सेन्सरला तो आवाक्यातला आहे. अट एकच, प्रतिमा रेखीव हवी, नाहीतर तो आतल्या धूसर उजेडात विरघळतो. स्टॅकचा फक्त निळा चॅनल वेगळा काढून बघा, तिथे तो आधी दिसेल. आणि याच्यासाठी अरुंद फिल्टर लावू नका. फिल्टर ताऱ्यांचा बहुतेक प्रकाश अडवतो, त्यात हा पहिला जातो.

हंगामाचं आपलं दुखणं असं की स्वरमंडळ रात्रभर दिसतं ते जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात. युरोप-अमेरिकेतले लोक ज्याला उन्हाळी वस्तू म्हणतात ती आपल्याला दोन तुकड्यांत मिळते. एप्रिल-मेच्या पहाटे, तेव्हा आकाशात धूळ असते आणि वळवाचे ढग आडवे येतात. किंवा पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी. मला ऑक्टोबर जास्त आवडतो, कारण पावसाने हवा धुतलेली असते. महिन्याच्या मध्याला सात वाजता एम ५७ पश्चिमेकडे झुकलेला पण ६५-७० अंश उंचीवर असतो, दहाच्या सुमारास ३०-३५ वर येतो. तेवढे तीन तास तुमचे. मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) आधीच ओलांडलेलं असल्यामुळे मध्येच माउंट उलटवायची भानगडही नाही. फटाक्यांच्या धुराचे दिवस आणि चंद्राचे दिवस कॅलेंडरवर आधीच खोडून ठेवा. दवापासून आडव्या आरशाला जपा, नळीच्या तोंडाला पुठ्ठ्याची किंवा योगा-मॅटची टोपी पुरते.

पुढे हिवाळ्यात हात रिकामे ठेवू नका. देवयानीतला एनजीसी ७६६२ नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी चांगला उंच असतो. वासुकीतला एनजीसी ३२४२ मार्चमध्ये, आणि तो आपल्याकडे ५० अंशांवर चढतो, उत्तर युरोपातल्या हौशी लोकांना तो क्षितिजाजवळ शोधावा लागतो. दोन्ही एम ५७ पेक्षाही लहान, पण दर चौरस विकलेमागे कितीतरी जास्त उजळ. बार्लोला मी सरसकट नाही म्हटलं नव्हतं, तिची जागा इथे आहे. अशा इवल्या, झगझगीत नेब्युलांवर ग्रहांसाठीचा छोटा कॅमेरा लावून एकेका सेकंदाच्या हजारो फ्रेम्स काढायच्या आणि हवा क्षणभर स्थिरावलेली तेवढीच उचलायची. एक सेकंदात माउंटची चूक दिसतच नाही.

राहिली ८ इंची. एफ/५ ची ८ इंची जवळजवळ पावणेदोनपट प्रकाश गोळा करते आणि तुमच्याच कॅमेऱ्यावर कडी ८५ ऐवजी ११० पिक्सेलच्या आसपास होते. फायदा खरा आहे. पण ती नळी कॅमेऱ्यासह ईक्यू-५ ला छायाचित्रणासाठी जड पडते आणि गच्चीवरच्या वाऱ्यात शिडासारखी हलते. तेव्हा पैसे हातात असतील तर आधी दुसऱ्या अक्षाची मोटर, मग छोटी गाइड दुर्बीण आणि कॅमेरा, आणि त्यानंतर मोठी नळी नव्हे, मोठा माउंट. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेत १९४४ पासून हौशी लोक एकत्र येतायत. अशा ठिकाणी दुसऱ्याच्या ८ इंचीवर तुमचा कॅमेरा एक रात्र लावून बघता आला तर खरेदीआधी तेवढं जरूर करा. आणि ऑक्टोबर यायच्या आत या जुन्या ४० फ्रेम्स सिरिलमध्ये पुन्हा घाला. वाईट फ्रेम्स काढून, हिरव्याला हात न लावता. माझा अंदाज आहे की रंग तुमच्याकडे आधीपासूनच आहे.